अंड्यातला तीळ

सर वर्गात आले की आम्ही आधी त्यांच्या स्वेटरकडे बघायचो. तो पोटाजवळ फुगलेला असला तर समजायचं, पांढुर्ण्याची लाइट गेली आहे.

तिथल्या आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत संत्र्याची एक रिकामी पेटी होती. तिला आतून कापूस लावलेला, वर बल्ब टांगलेला, एका कोपऱ्यात पाण्याची वाटी आणि दुसऱ्या कोपऱ्यात थर्मामीटर. हे सरांचं अंडी उबवायचं यंत्र. लाइट गेली की पेटी थंड व्हायला लागे. मग सर अंडी उचलून स्वेटरच्या आत घेत, खालून पंचा बांधत आणि तसेच तास घ्यायला येत. ऑगस्टच्या उकाड्यातही त्यांच्या खुंटीवर स्वेटर असे, तो अंड्यांसाठी. फळ्यावर उंच लिहायचं असलं तर एका हातानं पोट धरून दुसऱ्या हातानं लिहीत. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच कोंबड्याची बांग देई. सर न वळता म्हणत, "घाई नको, महाराज. एकवीस दिवस नाई झाले अजून."

सर स्वतः अंडं खात नसत. गळ्यात तुळशीची माळ होती. स्टेशनाकडच्या पानठेल्यावरचे लोक त्यांना हाक मारून विचारत, "काय सर, आज आमलेट का भुर्जी?"

"आज डोळा," सर म्हणत आणि पुढे चालू लागत.

त्यामुळे प्रकरण आणखीच बिघडलं. माळकरी माणूस अंड्यातले डोळे खातो, अशी बातमी नदी ओलांडून सावरगावपर्यंत गेली. सरांच्या कानावर ती आली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कच्चे खातो म्हणतात का शिजवून?"

ही अंडी मी नेत असे, म्हणून हे लिहायचा थोडा हक्क माझा आहे असं मी समजते. आमचं गाव सौंसरच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. कापूस, थोडी संत्री, दोन बैल, आणि आईच्या कोंबड्या. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. तिथं कसं बोलायचं, कोणती गोष्ट सांगायची आणि कोणती लपवायची, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, "घरी कोंबड्या कोणाकडे आहेत? कोंबडा पण पाहिजे. नुसत्या कोंबडीचं अंडं मला चालत नाही." वर्गात निदान दहा जणांच्या घरी कोंबड्या असतील. हात माझा एकटीचाच वर गेला. बाकीच्यांना लाज वाटली होती. लाजायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून मी कापसात गुंडाळलेली अंडी डब्यात घालून बसनं नेऊ लागले. आई म्हणायची, "शिकून राहिली का कोंबड्या पोचवून राहिली वो? पास तं करन ना तो मास्तर?"

आई अंड्यांच्या बाबतीत फार काटेकोर होती. कोंबडी बसवल्यावर पाचव्या दिवशी ती एकेक अंडं काढून बघायची. आमच्या घराच्या छपरातलं एक कवेलू फुटकं होतं, त्यातून दुपारी उन्हाची तिरीप खाली यायची. मूठ गोल करून आई त्यात अंडं धरायची आणि त्या तिरिपेत उभी राहायची. आत लाल रेषा आणि एक काळा ठिपका दिसला की म्हणायची, "तीळ आहे," आणि अंडं परत कोंबडीखाली. तीळ नसला तर अंडं बाजूला. आजीही तसंच करायची. आमच्याकडे अंड्यातला तो ठिपका म्हणजे तीळच. तो कशाचा तीळ, हे कोणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

आमचा भाग मध्य प्रदेशात, म्हणून सगळं शिक्षण हिंदीतून होतं. सर वर्गात हिंदीत सांगत आणि कोणाचा चेहरा कोरा दिसला की मराठीवर येत. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी एक चौकोन आखला होता. त्यावर लिहिलेलं असे, 'माहीत नाही', आणि खाली बारीक अक्षरात, 'पुसू नये'. शिकवताना एखादी गोष्ट सरांना माहीत नसली, किंवा सरांच्या मते अजून जगात कोणालाच माहीत नसली, की ती त्या चौकोनात जाई. एकदा तपासणीला साहेब येणार म्हणून प्राचार्यांनी निरोप पाठवला, की कोपरा पुसून घ्यावा, शिक्षकाला इतकं माहीत नाही हे बरं दिसत नाही. सरांनी चौकोनाच्या वर आणखी एक ओळ वाढवली : 'साहेबांना माहीत असल्यास कृपया सांगावे.' साहेब आले, त्यांनी ते वाचलं आणि चहा न घेता गेले.

सरांचा वेड्यासारखा आवडता विषय म्हणजे डोळ्याचा पडदा; अंडीही त्याचसाठी. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असतो तो, ज्यावर चित्र उमटतं. तो मुळात मेंदूचाच तुकडा, असं सर सांगत. "मेंदूला आत बसून कंटाळा आला. म्हणून त्यानं एक फांदी बाहेर काढली, जग पाहायला." मग खिशातून एक रबरी चेंडू काढत, त्यात अंगठा दाबून खळगा करत आणि म्हणत, "हा झाला कप. या कपाचं आतलं अस्तर, तो पडदा. पुढून चामडीचा एक मणी येऊन तोंडाशी बसला, ते झालं भिंग. कोंबडीत, माणसात, सगळीकडे हाच कारखाना."

पण त्यांना खरा प्रश्न पडला होता तो पुढचा. दर रविवारी ते नागपूरला जाऊन तिथल्या ग्रंथालयातून कोणकोणते इंग्रजी लेख वहीत उतरवून आणत. एका सोमवारी ते हातात वर्तमानपत्रांची चळत घेऊन वर्गात आले. सगळे अंक एकाच दिवसाचे. सरांना पेपर वाचायची एक खोड होती. ते पेपराची घडी अशी घालत की एकच रकाना दिसे, आणि तो नाकाशी धरून रस्त्यानं चालत वाचत. तशीच वेगवेगळी घडी घालून, टाचण्या लावून, त्यांनी आम्हा प्रत्येकाला एकेक अंक दिला.

"टाचणी काढायची नाही. दिसतं तेवढं वाचा."

माझ्या घडीत कापसाचे बाजारभाव होते. शेजारच्या मुलीला सिनेमाची जाहिरात आली. मागच्या बाकावरून बांग देणाऱ्या कोंबड्याला निधनवार्ता आली, तेव्हा वर्ग जो हसला तो थांबेना.

"पेपर किती प्रकारचे आहेत?" सरांनी विचारलं.

"एकच, सर."

"मग ही बाजारभाव का झाली आणि हा निधनवार्ता का झाला?"

"घडीमुळे, सर."

"बस्स! पडद्यावरच्या पेशी सुरुवातीला सगळ्या सारख्या. आत तोच पेपर. पुढे एक अंधुक उजेड ओळखणारी होते, दुसरी रंग ओळखते, तिसरी निरोप मेंदूकडे नेते. अक्षर एकही बदललेलं नसतं. नुसती कुठली तरी पानं मिटतात, कुठली उघडी राहतात, त्यावर बारीक खुणा बसतात टाचणीसारख्या. याला एपिजेनेटिक्स म्हणतात. तुमच्या अभ्यासक्रमात नाही, परीक्षेत येणार नाही, म्हणून निवांत ऐका."

मी कशीबशी उभी राहिले. वर्गात मी प्रश्न विचारायची ती पहिलीच वेळ. "सर, घडी कोण घालते?"

सरांनी खडू उचलला. मग कोपऱ्याकडे गेले आणि चौकोनात लिहिलं, 'घडी कोण घालते?' माझा प्रश्न, माझ्याच शब्दांत, फळ्यावर. पुढे पुष्कळ दिवस तो तिथं होता आणि मी रोज वर्गात शिरताना आधी तो पाहत असे.

त्याच वर्षी, म्हणजे ऐंशी साली, दुपारचं ते मोठं सूर्यग्रहण झालं होतं. लोक दारं लावून बसले होते. माझ्या वहिनीला तेव्हा पाचवा महिना होता. ग्रहणात गरोदर बाईनं चिरू नये, शिवू नये, कशाची घडी घालू नये, असं आमच्याकडे पाळतात. आईनं वहिनीला खाटेवर सरळ निजवून ठेवलं होतं. पण वहिनीनं हाताच्या सवयीनं उशाशी पडलेल्या लुगड्याची घडी घातली. कोणी पाहिलंही नव्हतं. तिनंच घाबरून नंतर आईला सांगितलं.

उन्हाळा सरता सरता मुलगी झाली. आम्ही तिला बेबी म्हणायचो. दीड महिन्याची झाली तरी ती कोणाकडे बघेना. वहिनीनं तिला अंगणात उजेडाला धरलं तेव्हा दिसलं, की दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या काळ्या नाहीत. दुधाच्या थेंबासारख्या पांढऱ्या आहेत.

आईनं कपाळावर हात मारला. "घडी पडली माय, लेकराच्या डोळ्यात घडी पडली!"

त्यानंतर वहिनी स्वयंपाकघरात बसून असायची, बेबीला पदराखाली घेऊन. दादा तिला आणि बेबीला घेऊन सौंसरला डॉक्टरांकडे जाऊन आला. आल्यावर त्यानं पायातली चप्पल काढता काढता सांगितलं, "डॉक्टर म्हणून राहिला, पडदा खराब असन तं ऑपरेशनचा फायदा नाई. अन् पडदा तं खराब आहेच ना. आपल्या डोळ्यानं दिसून राहिला पांढरा."

आई म्हणाली, "ग्रहणाचं डॉक्टरच्या हातचं नसतेच बाप्पा. हिले चार दिवस माहेरी धाडून दे."

चार दिवस म्हणजे किती, हे वहिनीला समजलं आणि मलाही.

त्या आठवड्यात मी अंडी नेली नाहीत. सरांनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोंबड्या संपावर गेल्या का, बाई?" मला रडू आलं. प्रयोगशाळेत त्या पेटीजवळ उभं राहून मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "पडदा खराब आहे, सर. डॉक्टरांनी सांगितलं, फायदा नाही."

"कोणता पडदा?" सर म्हणाले.

मला कळलं नाही.

"पुढचा का मागचा? डॉक्टर ज्याला पडदा म्हणाला तो मागचा. तू रोज वहीत काढतेस तो. बाहेरून दिसतच नाही तो. तुम्ही पाहिलात तो पांढरा, तो पडदा नव्हेच. ते भिंग आहे, मोतीबिंदू आलेलं. डॉक्टर म्हणाला 'असेल तर'. तुझ्या भावानं ऐकलं 'आहे'. चिठ्ठी दिली असेल. ती आण."

मी दोन वर्षं पडदा शिकत होते. परीक्षेत त्यावर चांगले मार्क घेतले होते. आणि घरी दादा पडदा म्हणाला तेव्हा मलाही तो पांढराच दिसला. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण त्याची लाज मला अजून आहे.

चिठ्ठी दादाच्या सदऱ्याच्या खिशात चार घड्या होऊन पडली होती. दुसऱ्या दिवशी सरांनी ती उलगडून वाचली. "हे बघ. नागपूरला न्या लिहिलंय. पडदा तपासा लिहिलंय. खराब कुठं लिहिलंय? आणि लवकर, खाली दोन रेघा मारल्यात." मग पेटीवर हात ठेवून ते म्हणाले, "बाई, पडदा जन्मतो तेव्हा त्याचं शिक्षण अर्धंच झालेलं असतं. उरलेलं उजेड करतो. त्याला आणि मेंदूला, दोघांना. दार बंद राहिलं तर ते पाहायला शिकतच नाहीत, मग पुढं कितीही मोठं ऑपरेशन करा. दिवस जाऊन राहिले."

"आई ऐकणार नाही, सर."

"मी येतो. पोळ्याआधी येतो. नाहीतर पुढं गोटमारीच्या दगडफेकीत गाड्यांचं काही खरं नाही."

रविवार होता. सर नागपूरचं ग्रंथालय सोडून आमच्या अंगणात आले, याचं मला फार वाटलं. आईनं चहा ठेवला आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढत म्हणाली, "तुमी अंडेवाले सर ना? डोळे खाता म्हनते लोक."

"खात नाही, बाई. पाहतो," सर म्हणाले. "तुमच्याकडे बसलेली कोंबडी आहे का? पाच-सहा दिवसांची?"

आईला हा प्रश्न आवडला. ती आत गेली, कोंबडीच्या चोची खात एक अंडं काढून आणलं, आणि सवयीनं तिरिपेत जाऊन उभी राहिली. "आहे तीळ," ती म्हणाली. "पक्कं आहे हे. पिल्लू निघन."

सर वाकून बघत होते. "तो तीळ कशाचा, बाई?"

"तीळ म्हंजे तीळ. कायचा म्हंजे?"

"तो पिल्लाचा डोळा आहे."

आई हसली. मग परत अंड्याकडे पाहिलं. हात जरा हलला तसा आतला ठिपकाही हलला. ती तिथंच थांबली. मी तिला इतका वेळ एकच अंडं धरून उभी असलेली कधी पाहिली नव्हती.

"डोळा?" ती म्हणाली. "पाय नाई, पंख नाई, चोच नाई. अन् डोळा?"

"तोच आधी. तुम्ही जन्मभर पाहत आलात. मी पुस्तकात वाचून शिकलो."

आई अंडं पदरात घेऊन खाली बसली. तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "पिल्लाले एकवीस दिवस. पाचव्या दिवशी डोळा." मग पुन्हा मोजलं. "लेकराले नऊ महिने. मंग दुसऱ्या-तिसऱ्यातच होत असन."

"माणसाचं कोंबडीवरून नेमकं मोजता येत नाही, बाई. पण तुमचं गणित पुस्तकाच्या अगदी जवळ आलं."

"अन् गिऱ्हान तं पाचव्यात होतं."

"हो."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. बेबी तिच्या खांद्यावर. आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. अंड्याकडेच पाहत म्हणाली, "म्हंजे घडी घातली तवा डोळा झालताच."

"झालाच होता. भिंग पण झालं होतं."

"मंग हे कायनं झालं?"

मला वाटलं, आता सर पेपर काढतील, चेंडू काढतील, सगळं समजावतील. सर म्हणाले, "माहीत नाही."

 गावातल्या प्रत्येकानं आईला कारण सांगितलं होतं. कोणी ग्रहण सांगितलं, कोणी वहिनीचं पाऊल, कोणी मागच्या जन्माचं काही. एवढं शिकलेला माणूस नागपूरची बस सोडून आला आणि म्हणतो, माहीत नाही.

"ज्याले त्याले माईत आहे वो," आई मला म्हणाली, "अन् यायलेच नाई माईत." पण ते ती चिडून म्हणत नव्हती. थोड्या वेळानं उठली, अंडं जपून कोंबडीखाली सरकवलं, हात धुतले. मग दारात जाऊन वहिनीच्या खांद्यावरून बेबीला आपल्याकडे घेतलं, आणि दादाला हाक मारली. "उद्याची नागपूरची गाडी कितीले आहे रे? मी बी येतो. सुनबाईजवळ कोणी पाहिजे."

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं. मागचा पडदा चांगला निघाला. आधी एका डोळ्याचं आणि काही दिवसांनी दुसऱ्याचं ऑपरेशन झालं. मग बेबीला चष्मा आला. इवल्याशा तोंडावर बाटलीच्या बुडासारख्या दोन काचा, आणि मागून बांधलेली नाडी. आमच्याइतकं तिला दिसत नाही, हे खरं आहे. पण दिसतं.

सरांना मी सांगायला गेले तेव्हा लाइट गेली होती आणि ते पोटाशी अंडी धरून बसले होते. 'दिसतं का?' असं त्यांनी विचारलं नाही. "कशाच्या मागं नजर फिरवते?" त्यांनी विचारलं.

"वहिनीच्या बांगड्यांच्या, सर. हिरव्या आहेत."

सर उठले. एका हातानं स्वेटर धरून कोपऱ्यातल्या चौकोनात त्यांनी लिहिलं, 'हिरवा रंग पहिल्यांदा दिसतो तेव्हा काय होतं?' खडू खाली ठेवला, आणि त्या दिवशी तास घेतलाच नाही.

मी पदवी घेतली त्या वर्षी सरांची बदली दूर झाली. पेटी ते सोबत घेऊन गेले. मी सौंसरजवळ एका शाळेत शिकवू लागले आणि आमची अधूनमधून पोस्टकार्डं सुरू राहिली. माझ्या वर्गातल्या फळ्यावरही एक कोपरा आहे, तपासणीला येणारे त्याबद्दल विचारतात.

बेबी पाच वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. फुटकं कवेलू आईनं मुद्दाम बदलू दिलं नव्हतं. त्या दुपारी आई तिरिपेत बसली होती आणि बेबी तिच्या मांडीत. आईच्या मुठीत बेबीची मूठ, त्यात अंडं. बेबीनं चष्मा अंड्याला टेकवला होता.

"दिसला का तीळ?" मी विचारलं.

"तीळ नोको म्हनू," आई मला रागावली. "डोळा म्हन."

बेबीनं अंडं जरासं फिरवलं. मग म्हणाली, "आजी, हे मले पाहून राहिलं."

मी ते वाक्य जसंच्या तसं शाळेतल्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, आणि तसं पोस्टकार्डावर सरांना कळवलं. त्यांचं उत्तर आठवड्यात आलं. दोनच ओळी होत्या.

'पाचव्या दिवशी डोळा असतो, पण पाहत नाही. बेबीचं वाक्य चूक आहे. पुसू नकोस.'